पिकअपला टप लावावा की नाही: औंढ्यातले माझे चार दिवस

परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, लोणावळ्यात पॉइंट कुठले कुठले बघितलेस. खरं सांगू का, एकच बघितला, तोही घाईघाईत, हातात कणीस घेऊन. बाकीचे चार दिवस मी एका पिकअपच्या नादात होते. कधी तिच्यात, कधी तिच्यामागे धावत, आणि एकदा तर तिच्याखाली आडवी होऊन, कारण टप बसवताना एक नट घरंगळत गेला होता. हे सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते. सुसूत्र वगैरे काही होणार नाही, आधीच सांगते.

आधी टप म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. पिकअपला मागं उघडा हौदा असतो, त्यात माल भरतात, ते आपल्याला माहीत आहे. त्या हौद्यावर लोखंडी पाइपचा सांगाडा आणि पत्रा लावून जे कायमचं छप्पर करतात, तो टप. मागं दोन दारं, त्यांना कडी. डब्याला झाकण असतं तसंच, फक्त आत माणूस वाकून उभा राहू शकेल एवढं उंच. आमच्या परभणीकडं पिकअपवर कापूस असतो, त्यावर जाळी असते आणि जाळीवर एक माणूस झोपलेला असतो. टप मी आयुष्यात नीट बघितलाच नव्हता.

पुण्यात हॉस्टेलवर माझी रूममेट आहे सोनल. तिचं घर औंढ्यात, लोणावळ्याजवळ. फेब्रुवारीत परीक्षेआधीच्या सुट्टीत दोघी आपापल्या घरी होतो, तेव्हा तिचा फोन आला, चार दिवस ये, आमच्या घरात टपावरून आबा आणि दादा एकमेकांशी बोलत नाहीयेत, पाहुणं माणूस घरात असलं की जरा तरी नीट वागतील. एवढं स्पष्ट निमंत्रण मला आजवर कुणी दिलेलं नाही. मी लगेच बॅग भरली.

गुरुवार, घोरावाडी आणि शिरगाव

मला वाटलं लोणावळ्याला उतरायचं. सोनल म्हणाली, नको, घोरावाडीलाच उतर. दादा शिरगावला झेंडू टाकायला येणार आहे, परतताना गाडीत गावातल्यांची पोती असली तरी झेंडूची जागा मोकळीच, तुला घेऊन येईल. म्हणजे मी झेंडूच्या जागी.

घोरावाडी स्टेशन इतकं छोटं आणि शांत आहे की मी उतरल्यावर आधी वाटलं चुकून उतरले. बाहेर नितीनदादा, म्हणजे सोनलचा भाऊ, गाडीला टेकून उभा होता. पहिल्यांदा भेटत होतो म्हणून मला तुमी-तुमी करत होता. शिरगावात अजून एका हारवाल्याकडं थोडी फुलं द्यायची राहिली होती, म्हणून आधी तिकडं गेलो. गुरुवार, त्यामुळं साईबाबांच्या मंदिराबाहेर ही रांग. हारवाला झेंडूवर पाणी मारत कुरकुरत होता. फुलांवर धूळ बसलीय, वरची फुलं वाऱ्यानं सुकलीत, उद्यापासून झाकून आण नाहीतर आणू नको. नितीनदादानं माझ्याकडं बघून नुसतं तोंड वाकडं केलं. तेव्हा मला कळलं नव्हतं की तो साक्षीदार गोळा करतोय.

मग निघालो. बॅग मागं हौद्यातल्या पोत्यांवर टाकली आणि बॅगेवर माझी हुरड्याची पिशवी. घरून खास आणला होता, शेतातला, आदल्या दिवशी मळलेला. जुन्या हायवेनं वडगाव, कामशेत करत गेलो. डावीकडं उजवीकडं डोंगर, त्यांच्या माथ्यावर काळ्या कातळाचे पट्टे. आमच्याकडं जमीन सपाट, नजर टाकली की संपतच नाही. इथं नजर दर दोन मिनिटांनी कशाला तरी आपटते. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते, त्यामुळं मागं काय चाललंय ते कळलं नाही. औंढ्यात उतरून बघते तर बॅग विटकरी रंगाची झालेली आणि पिशवीत हुरड्याचे मोजून मूठभर दाणे. बाकीचा सगळा हायवेवर.

नितीनदादाला इतका आनंद झालेला मी नंतर फक्त एकदाच बघितला. म्हणाला, "बगा. टप असता तर उडाला असता का? आता तुमीच सांगा आबास्नी."

आबा, म्हणजे सोनलचे वडील, ओट्यावर बसले होते. कंपनीतून रिटायर झालेत, आता भातशेती बघतात. मी घाबरून नमस्कार आणि जय भीम दोन्ही एकदम केलं. आमच्या घरी नमस्कार, त्यांच्या घरी जय भीम, आणि माझ्या तोंडून दोन्हीची खिचडी बाहेर पडली. आबा हसले, जय भीम म्हणाले, बस म्हणाले. मग हुरड्याची गोष्ट ऐकली आणि आत मावशींना, म्हणजे सोनलच्या आईला, मोठ्यानं म्हणाले, "तुझ्या पोराला इचार, पिशवीचं तोंड बांधायचं सोडून गाडीचं तोंड बांधायला का निघालाय?"

पोरगा तीन फुटांवर उभा होता. त्यानंही आईलाच सांगितलं, की आबांना म्हणावं पिशवीला तोंड एक असतं आणि गाडीत पिशव्या शंभर येतात. मावशी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, मी काय टेलिफोनची तार आहे का.

भांडण काय आहे ते जेवताना कळलं. जेवण आधी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. इंद्रायणी तांदळाचा भात, जो शिजताना अख्ख्या घरात वास सुटतो. पावट्याची आमटी. तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. आणि सुकटीची चटणी, जिच्या वासानं मी आधी नाक मुरडलं आणि नंतर तीनदा घेतली. आमच्याकडं भात म्हणजे शेवटी ताकाबरोबर दोन घास. इथं भात झाल्यावर भाकरी, तीही तांदळाचीच. मी मावशींना ज्वारीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आजारी पडल्यावर खातो.

तर भांडण. गावाजवळ गुलाबाची मोठी पॉलिहाऊसं आहेत. त्यातल्या एका सरांना रोज सकाळी आणि दुपारी गुलाब तळेगावच्या कोल्ड स्टोरेजला पोचवायला गाडी पाहिजे होती. फेब्रुवारीत लाल गुलाबाला काय मागणी असते ते सांगायला नको. सर म्हणाले, शनिवारपासून दोन दिवस बघतो, जमलं तर वर्षभर काम तुझं. पण अटी दोन. गाडी वरून बंद पाहिजे, कारण गुलाबाला वारा लागला की पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात. आणि वेळ चुकली की काम संपलं. नितीनदादा चार वर्षं नाक्यावर गाडी लावून भाड्याची वाट बघत बसतो. कधी मिळतं, कधी नुसतंच पेपर वाचून घरी. त्याला रोजचं ठरलेलं काम पाहिजे होतं. बास, एवढंच.

आणि आबांचं म्हणणं असं. गाडी आली तेव्हापासून ती अख्ख्या वस्तीची आहे. हे मी दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी बघितलं म्हणून पटलं. सकाळी नितीनदादा वस्तीच्या तोंडाशी गाडी थांबवतो आणि दोनदा हॉर्न मारतो. लगेच माणसं येतात आणि न विचारता हौद्यात काहीतरी टाकतात. दळण, गॅसची टाकी, पंक्चर झालेली सायकल, मुलीच्या घरी द्यायचा तांदूळ. एक आजी तर शेळी चढवून मोकळ्या झाल्या, शेळी कामशेतला कुणाकडं उतरवायची ते शेळीच्या गळ्यातच चिठ्ठी लावून. येतानाही तसंच. गाडी रिकामी जाऊ किंवा येऊ देणं म्हणजे इथं अन्न टाकण्यासारखं समजतात. आमच्याकडं गाडीवाल्याला आधी भाडं विचारावं लागतं. इथं गाडीवाल्यालाच कळत नाही की मागं काय आहे.

आबांचं म्हणणं, वरून पत्रा ठोकला की पेंढा कसा रचणार? म्हैस कशी चढवणार, ती काय वाकून उभी राहणार? आणि दाराला कडी लागली की लोक मागायला यायचे थांबतील. उघड्या हौद्यात माणूस हात घालतो, बंद दार कुणी वाजवत नाही. हे मात्र ते मावशींना न सांगता थेट ताटाकडं बघून म्हणाले.

नितीनदादा उठून हात धुवायला गेला.

शुक्रवार, लोणावळा

टप आधीच सांगून ठेवलेला होता, फक्त बसवायचा होता. आबांना हे माहीत होतं आणि आपल्याला माहीत नाही असं ते दाखवत होते.

फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर टप जमिनीवर ठेवला होता आणि त्यात एक मोठं माकड बसलं होतं, अगदी घर घेतल्यासारखं. त्याला बाहेर काढायला अर्धा तास. दुकानातला माणूस म्हणाला, उघड्या गाडीत यांनी आजवर इतकं पळवलंय की टपाची निम्मी गिऱ्हाइकं हेच पाठवतात.

टप बसेपर्यंत मी आणि सोनल फिरून आलो. चिक्कीच्या दुकानात चव बघायला म्हणून प्रत्येक बरणीतला तुकडा खाल्ला, मग लाजून दोन पाकिटं घेतली. पॉइंटवर गेलो, दरी बघितली, फोटो काढले. दरी भारीच आहे. पण माझं लक्ष सारखं घड्याळाकडं, तिकडं टप चढला असेल का म्हणून. सोनल म्हणाली, तू आमच्या घरातली कधी झालीस.

परत आलो तर गाडी ओळखूच येईना. शेवटचा एक नट तेवढा घरंगळला होता, तो मी गाडीखाली आडवी होऊन काढला. नितीनदादा चारी बाजूंनी फिरून फिरून बघत होता, फडक्यानं उगाच पुसत होता. मी विचारलं इतका उंच कशाला. तर म्हणाला गुलाब पाण्याच्या बादल्यांत उभे ठेवून न्यायचे असतात, आणि बायकांना बसता-उठताना डोकं लागायला नको. उंचीचं माप त्यानं स्वतः घेतलं होतं. औंढ्याला जाताना रुळांखालून एक मोरी आहे, म्हणजे छोटा बोगदाच. तिच्या तोंडाशी लोखंडी गर्डर आडवा लावलाय, उंच गाड्या आत घुसू नयेत म्हणून. त्या गर्डरपर्यंतची उंची त्यानं बांबूनं मोजली, मग घरी हौद्याची उंची मोजली, एक वजा दुसरं, त्यातून बोटभर सोडलं, झालं. मला इतकं आवडलं ते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी बांबूनं काही मोजलेलं नाही.

निघताना अर्थातच कुणाच्या तरी संडासाच्या बांधकामाची सिमेंटची पोती घ्यायची होती. ती भरली. मोरीपाशी आलो तर दादानं गाडी मुंगीच्या चालीनं घातली. सोनल खाली उतरून बघत होती, मी दुसऱ्या बाजूनं. गर्डर आणि टप यांच्यात बरोबर बोटभर जागा. गेली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी वस्तीतल्या बायकांनी टपाची परीक्षा घेतली. सगळ्या आत जाऊन बसल्या, दार लावून घेतलं. आतून आवाज येत होते. एक म्हणाली, वारं न्हाई, धूळ न्हाई, केस जागच्या जागी. दुसरी म्हणाली कपाटात बसल्यागत वाटतंय. तिसरीला मळमळायला लागलं, गाडी उभी असताना. एकीनं विचारलं, वऱ्हाड घेऊन जाताना नवरीकडच्यांना आमच्या साड्या कशा दिसणार. पावसाळ्यात बरं, मे महिन्यात भट्टी. मावशी म्हणाल्या, कडी आहे ते चांगलं, पण कडी बाहेरून आहे, आम्ही आत असलो तर कुणाच्या भरवशावर? मी फोनमध्ये दोन रकाने करून सगळं टिपत होते, फायदे इकडं, तोटे तिकडं. बरोबरी झाली. मग मी नाद सोडला.

आबा ओट्यावरून उठले नाहीत. सोनल त्यांना बोलवायला गेली तर म्हणाले, "त्या पेटीत मी बसणार न्हाई."

नितीनदादाला ते ऐकू गेलं. तो गाडीच्या मागं गेला, कडी उघडून परत लावली, परत उघडली, परत लावली.

शनिवार, मोरी

सकाळी मी आणि सोनल हट्टानं दादाबरोबर गेलो, पुढं तिघं दाटीवाटीनं. पॉलिहाऊसमध्ये पाय ठेवला आणि मी बोलायचीच बंद झाले, जे क्वचित होतं. पांढऱ्या प्लास्टिकमधून येणारा मऊ उजेड, आणि नजर जाईल तिथं कळ्या. बायका सपासप कापत होत्या, काट्यांचं त्यांना काहीच नाही. सरांनी टप आतून बघितला, हात फिरवला, मान हलवली. म्हणाले दुसरी खेप साडेबाराला तयार असेल, त्याआधी पाच मिनिटं ये, नंतर नको. आणि या गाडीत फुलांबरोबर दुसरं काही नको, सिमेंट नको, सुकट तर नकोच नको. हे त्यांनी दादाला फोनवर आधीच बजावलं होतं, म्हणून त्या सकाळी वस्तीच्या तोंडाशी दादानं हॉर्न मारला नव्हता. लोक ओट्यांवर दळण घेऊन बसले होते, गाडी समोरून गेली. ते मला बिलकुल आवडलं नाही, आणि दादालाही, कारण तो सारखा आरशात मागं बघत होता.

पाण्यानं भरलेल्या बादल्यांमुळं गाडी जड होती. मोरीतून कालच्यासारखीच बोटभर जागा ठेवून गेली. तळेगावला कोल्ड स्टोरेजच्या माणसानं फुलं उतरवून घेतली आणि म्हणाला, आज पहिल्यांदा सरांकडचा माल ताजा आलाय. दादानं हे वाक्य परतीच्या वाटेवर आम्हाला चार वेळा ऐकवलं. बादल्या ओतल्या, एकात एक घातल्या आणि निघालो. कामशेतला एक ओळखीचे भाऊ हात करत होते, खताच्या पिशव्या न्यायच्या होत्या. दादानं मान हलवून नाही सांगितलं. दुपारी परत फुलं भरायची, खताचा वास राहिला तर?

बारा वाजायच्या आत मोरीशी पोचलो. दोनदा गेलेली गाडी, त्यामुळं दादानं या वेळी मुंगीची चाल वगैरे काही केलं नाही. केबिन गेली, टपाचा पुढचा भाग गेला, आणि मग डोक्यावर असा आवाज झाला की सोनलनं माझा हात धरला. गाडी थांबली. पुढं जाईना. मागं घ्यावी तर शनिवारची पर्यटकांची गर्दी, मागं गाड्यांची रांग लागलेली, आणि तसंही ती मागंही हलेना. टपाची मागची कड गर्डरला घट्ट चिकटलेली.

आम्ही खाली उतरलो. दादा टपाकडं बघत उभा राहिला. मी म्हटलं सकाळी तर गेली, काल गेली, मग आता टप काय वाढला का? तो परत वाकून गाडीची मागची चाकं बघायला लागला. मग डोक्याला हात लावला.

"माप घेतलं तवा गाडीत भात व्हता."

मला आधी कळलंच नाही. त्यानं सांगितलं. रिकामी पिकअप मागून वर उचललेली असते, पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मोकळे असतात. माल भरला की मागून बसते, चार-पाच बोटं खाली जाते. हौद्याची उंची त्यानं मोजली तेव्हा मागं भाताची पोती होती. काल सिमेंट होतं. सकाळी पाणी होतं. पण गाडी रिकामी असताना तू का नाही मोजलीस, असं मी विचारलं, आणि सोनल म्हणाली, अगं, आमची गाडी रिकामी असते कधी? चार वर्षांत ती रिकामी या मोरीतून पहिल्यांदाच जात होती.

मागच्या एका कारमधले काका उतरून आले, चांगले होते, म्हणाले टायरमधली हवा सोडा, गाडी खाली बसेल. दादा लगेच वाकला. पण सोनल म्हणाली हवा भरायला पंप कुठं आहे, आणि बसल्या चाकांनी गुलाब घेऊन तळेगावला कसा जाणार. दादा तसाच उकिडवा बसून राहिला, हात व्हॉल्व्हवर. त्याचा चेहरा मला बघवेना. एका फुटाच्या गर्डरखाली त्याचं वर्षभराचं काम अडकलं होतं आणि घड्याळ चालू होतं.

सोनलनं घरी फोन लावला. आबांनी उचलला. तिनं एवढंच सांगितलं की गाडी रिकामी आहे म्हणून मोरीत अडकलीय.

वस्ती तिथून फार लांब नाही. पाचच मिनिटांत शेताच्या बांधावरून माणसं येताना दिसली. पुढं आबा, मागं मावशी, कालच्या परीक्षेतल्या सगळ्या बायका, दोघंतिघं पुरुष आणि एकाच्या खांद्यावर दळणाचं पोतं, कारण आलोच आहे तर. आबांनी गाडी बघितली, गर्डर बघितला. मुलाला काही बोलले नाहीत. मला वाटलं आता बोलतील, सगळ्यांसमोर, आणि खरं तर त्यांना तेवढा हक्क होता. त्यांनी टपाच्या मागची कडी काढली, लुंगी खोचली आणि आधी स्वतः वर चढले.

आतून म्हणाले, "या. दाटीनं बसा. मागच्या अंगाला बसा सगळी."

मग जी काही गंमत सुरू झाली. बायका चढल्या, पुरुष चढले, पोतं चढलं. काल मळमळलेल्या बाईंना दाराशी जागा दिली. ज्यांना कपाटात बसल्यासारखं वाटत होतं त्या म्हणाल्या, आता कपाटात सामानपण आलं. मागच्या कारमधले काका आणि त्यांच्या घरातल्यांनाही सोनलनं आत बोलावलं, आणि ते आलेसुद्धा, गॉगल लावून. मी शेवटी चढले. बाहेरून दादा ओरडत होता, अजून दोन बोटं, अजून एक. आबा म्हणाले, परभणीच्या पोरीनं काल भात कमी खाल्ला त्याचा हा परिणाम. टपात काळोख, घामाचा आणि गुलाबाचा वास, आणि सगळे हसतायत. दादानं केबिनचं दार आपटलं आणि गाडी हलली. डोक्यावर पत्रा गर्डरला घासला तो आवाज दातांत शिरला. मग उजेड. आम्ही मोरीच्या पलीकडं.

लोक उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते. पॉलिहाऊस मोरीपासून जवळच, गावाच्या बाजूला, त्यामुळं दादा वेळेत पोचला. फार नाही, पण पाचच्या ऐवजी तीन मिनिटं आधी. सरांनी टपावरचा ओरखडा बघितला आणि विचारलं काय झालं. दादानं खरं ते सांगितलं. सर म्हणे खूप हसले. मग म्हणाले, फुलांबरोबर काही नको एवढंच माझं म्हणणं, येताना काय आणतोस ते तुझं तू बघ, सकाळी गाडी धुतलेली आणि बिनवासाची पाहिजे.

संध्याकाळी ओट्यावर दोघं बसले होते, बाप एका टोकाला, मुलगा दुसऱ्या. मध्ये आम्ही. मी मुद्दाम चिक्की फोडली, सगळ्यांचे दात कामाला लागले. दादा म्हणाला सोमवारी टप चार बोटं कापून घेतो, वेल्डिंगचं काम आहे, दोन तासांत होईल. हे त्यानं मावशींकडं बघून सांगितलं. मावशी आत निघून गेल्या. मला वाटतं मुद्दामच गेल्या.

आबांनी तोंडातली चिक्की गिळली.

"कापू नगंस," ते म्हणाले. थेट त्याला. "आहे तसाच राहू दे. रिकामी आली तर अडंल. भरून आणायची मग."

"आन् पेंढा, आबा? म्हस?"

"म्हस चालत जाईल. तिला कुटं ट्रेन पकडायचीय?"

दादा हसला. हुरडा उडाला तेव्हा हसला होता त्याच्यापेक्षा जास्त.

रविवार, तळेगाव

मला पुण्याची गाडी पकडायची होती, म्हणून मी गुलाबांबरोबर निघाले. म्हणजे गुलाब मागं, मी पुढं. मावशींनी बळंच इंद्रायणी तांदळाची पिशवी दिली, तोंड दोरीनं तीनदा बांधून. सोनलला परीक्षेचा अभ्यास होता, ती दारातच राहिली. वस्तीच्या तोंडाशी दादानं दोनदा हॉर्न मारला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं की जाताना फुलं आहेत, जाताना काही न्हाई, येताना सांगा. लोकांनी आपापसात बघितलं. हे नवीन होतं.

तळेगावला फुलं उतरवून दादानं गाडी स्टेशनच्या फलाटाला लागून उभी केली. मी विचारलं, आता मोरीतून परत कसा जाणार, वजन कुठून आणणार? त्यानं बादल्या आत ढकलल्या, खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर लावला, कारण त्याचे हात ओले होते.

पलीकडून आबा.

"आबा, गाडी रिकामी झाली," तो म्हणाला. "काय आणू?"

"थांब, इचारतो," आबा म्हणाले. फोन त्यांनी बंद केला नाही. त्यांच्या चपलांचा आवाज यायला लागला, ओट्यावरून खाली, मग मातीवर, आणि मग एकेका दारापुढं थांबून त्यांचा आवाज, आमचा नितीन तळेगावात हाय, गाडी मोकळी हाय, कुनाला काय पायजे का. कुणीतरी काहीतरी सांगत होतं, आबा ते मोठ्यानं परत म्हणत होते, दादा मला ते माझ्या फोनमध्ये टाइप करायला सांगत होता. माझी लोकल आली तरी यादी चालूच होती. मी तांदूळ उचलला, त्याला हातानंच टाटा केला आणि धावले. डब्यात चढल्यावर माझ्या लक्षात आलं की ती अर्धी यादी माझ्याच फोनमध्ये आहे, मग खिडकीतून ओरडून सांगितली, पाइप, खत, दोन पोती पोहे, आणि कुणाचं तरी लग्नाचं कपाट, उंच असलं तर आडवं घालून आण म्हणावं.